समोरून घडीव

सहा दारं, सहा धुराडी, छप्पर एकच.
नेदर कॉल्डनच्या चर्चकडे जाताना डाव्या हाताला.
लोक थांबतात, फोटो काढतात,
म्हणतात, केवढंसं, किती गोड.
मी शिडीवर असतो.
वरून मला शेवाळ दिसतं, तडकलेली कौलं,
आणि चौथ्या धुराड्यात कावळ्यानं कोंबलेल्या काटक्या.

मधल्या कमानीवर दगडी पाटी:
लोकरीचा व्यापारी गर्व्हास थर्कल,
सन चौदाशे सत्त्याऐंशी,
सहा गरिबांसाठी,
जे देवाला भितील आणि आपसांत भांडणार नाहीत.
बाकीची अक्षरं पावसानं खाल्ली.

नियम वहीत आहेत, वही ट्रस्टच्या पेटीत.
कोंबड्या पाळायच्या नाहीत.
पिऊन आल्यास आठवड्याचं सरपण बंद.
सकाळ-संध्याकाळ थर्कलच्या आत्म्यासाठी प्रार्थना.
पुढे राजानं धर्म फिरवला,
मेलेल्यासाठी देवाकडे मागणं गुन्हा ठरलं;
तरी म्हातारे ओठ हलवत राहिले म्हणे,
सरपण ओठांच्याच हिशेबात होतं.

दारं मुद्दाम ठेंगणी.
घेणाऱ्यानं मान लववूनच आत जावं.
चार नंबरचे अँब्रोज येलंड सहा फूट दोन इंच,
उभी हयात रेल्वेच्या सिग्नल-केबिनमध्ये गेली,
त्यांनी चौकटीच्या माथ्यावर गालिच्याचा तुकडा ठोकला.
पुरातन वास्तूवाल्यांचं पत्र आलं: काढा.
येलंड काढतात,
तपासणीच्या दिवशी,
दुपारी चारपर्यंत.

मला बोलावलं ते दोन नंबरच्या भिंतीला पोट सुटलं म्हणून.
आत हेस्टर गॉक्रोजर, वय चौऱ्याऐंशी.
चहा देतात, वर सांगतात,
धूळ कपात पडली तर ती तुझी.

दर्शनी दगड काढला.
घडीव, चोख, कड अशी की बोट कापावं,
आणि जाडी माझ्या तळव्याएवढी.
मागे नुसता भराव:
माती, मेंढीचं हाड, खापऱ्या, चुन्याचे गोळे.
रस्त्यानं जाणाऱ्याला दिसेल तेवढंच दान
नीट तासलेलं.

मग तो दगड आला.
सपाट, मध्ये झिजून खोलगट,
एक बाजू काळी.
ओल्या फडक्यानं पुसली, निघेना.
त्याच्याखाली दुसरा तसाच.
संध्याकाळपर्यंत पाच झाले,
पाचही चुलीचे.

गावाच्या पूर्वेला थर्कलचं कुरण आहे.
उन्हं तिरपी झाली की गवतात चौकोन उमटतात,
बर्फ वितळताना जास्तच:
घरांचे पाये, मधून गल्ली, एक बुजलेली विहीर.
लहानपणी आम्ही तिथे घसरगाडी न्यायचो,
कुणी सांगितलं नव्हतं का खड्डे.
मेंढ्यांना माणसांपेक्षा जागा जास्त लागते.
चुली मोडल्या, माणसं रस्त्याला लागली,
आणि बरीच वर्षं गेल्यावर
थर्कलला मरणाची भीती वाटली.
दगड विकत घ्यावे लागले नाहीत.
बैलगाडीनं अर्धा मैल.

हे वहीत नाही. हे मी जुळवलं,
चुकतही असेन.

हेस्टरबाईंना दाखवला.
चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिला.
कुणाची होती, विचारलं.
नाव कुठे असतंय चुलीवर.
त्यांनी हातातला कप त्या खोलगटात ठेवला.
बरोबर बसला.
मग म्हणाल्या,
काळी बाजू आत कर. माझ्या खोलीकडे.

नकाशात लिहिलंय: प्रत्येक दगड मूळ जागी, मूळ दिशेनं.
चुना सावकाश धरतो, गवंड्याला वेळ देतो.
मी तीन दिवस दुसरीच कामं काढली,
कावळ्याच्या काटक्या उपसल्या,
येलंडसाहेबांचे खिळे नवे ठोकले.
चौथ्या दिवशी दगड फिरवून बसवला,
वर गिलावा केला, पांढरा, पातळ.
अहवालात लिहिलं, होते तसे बसवले.

आता भिंतीवर काही दिसत नाही.
फक्त त्यांची खुर्ची
खिडकीपाशी होती, ती सरकली आहे,
पाठ बरोबर तिथे टेकते.